इवल्या इंजिनाचे अवघड अवयव

‘खेळणें’ हा शब्द आपल्या सुशिक्षित घरांतून मोठ्या बेफिकिरीनें वापरला जातो. मुलगा अभ्यासाचें पुस्तक बाजूस ठेवून कानस घेऊन बसला, कीं वडील माणसें म्हणतात, “खेळ चालला आहे, चालूं द्या दोन घटका.” सेवानिवृत्त झालेले एखादे काका मागच्या खोलींत लेथ मांडून पितळेचे तुकडे कातूं लागले, तर त्यांच्याविषयीं घरांत जितकें कौतुक असतें तितकीच थट्टाहि असते. या दोघांचीहि बाजू घेऊन आज आम्ही चार शब्द लिहिणार आहों. कोळशानें तापणारें, वाफेनें धांवणारें, आणि तरीहि दोन हातांनीं उचलतां येईल असें आगगाडीचें इंजिन घरच्या घरीं बनवितां येतें. त्याचे जे अवघड धातूचे अवयव, म्हणजे सिलिंडर, बॉयलर आणि क्रँक, ते कसे घडवितात हें वाचकांपुढें मांडावें, आणि त्या खटाटोपांत शिकण्यासारखें काय आहे तें पाहावें, एवढाच आमचा हेतु आहे.

इंग्लंडांत या छंदास प्रतिष्ठा मिळून सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लोटला. पुढें ‘मॉडेल एंजिनिअर’ या नांवानें प्रसिद्धीस आलेलें मासिक पर्सिव्हल मार्शल यांनीं १८९८ च्या जानेवारींत काढलें, आणि त्याच वर्षीं लंडनमध्यें या छंदांतील मंडळींची एक संस्थाहि स्थापन झाली. एका रेल्वे कंपनीचीं आद्याक्षरें घेऊन ‘एल्. बी. एस्. सी.’ या टोपणनांवानें लिहिणारा एक लेखक या मासिकांतून कित्येक वर्षें लिहीत असे. लहान इंजिनांस स्पिरिटचा दिवाच योग्य, कोळसा तेथें चालावयाचा नाहीं, असें त्या वेळीं पुष्कळ जाणते लोक मानीत. १९२० नंतरच्या दशकांत या लेखकानें आपलें ‘आयेशा’ नांवाचें अवघ्या अडीच इंच रुळांतराचें इंजिन कोळशावर चालवून, त्याच्यामागें गाडीवर बसलेलीं मोठीं माणसें ओढून दाखविलीं. वादाचा निकाल रुळांवर लागला. तेव्हांपासून घरीं बनविलेलें इंजिन हें कपाटांतील शोभेची वस्तु न राहतां खरोखरीचें यंत्र झालें.

मापें लहान होतात, निसर्ग होत नाहीं

मोठें इंजिन समोर ठेवावें, त्याचें प्रत्येक माप सोळानें भागावें, आणि त्याप्रमाणें धातु कापावा म्हणजे झालें, अशी पुष्कळांची समजूत असते. हिशेबासाठीं आपणहि सोळावा हिस्साच घेऊं. म्हणजे एका फुटास पाऊण इंच. इंग्लंडांतील रुळांमधील अंतर ४ फूट साडेआठ इंच. त्याचा सोळावा हिस्सा सुमारें साडेतीन इंच, आणि या रुळांतरावरील इंजिनें या मंडळींची मोठी आवडतीं आहेत.

लांबी सोळावा हिस्सा झाली कीं पृष्ठभाग २५६ वा हिस्सा होतो, आणि घनफळ व वजन ४०९६ वा हिस्सा होतें. ६४ टनांचें इंजिन या हिशेबानें अवघें ३५ पौंड भरतें. येथपर्यंत सर्व सरळ आहे. परंतु पाणी आपल्या नेहमींच्याच उष्णमानावर उकळतें. काजळीचा कण पूर्वीएवढाच राहतो. वाफेचा बुडबुडाहि आपण सांगितलें म्हणून सोळावा हिस्सा होत नाहीं. मोठ्या इंजिनाच्या बॉयलरांत सुमारें दोन इंच व्यासाच्या दीडशें-दोनशें नळ्या असतात, आणि त्यांतून जाळ व धूर वाहतो. त्याच नळ्या हिशेबानें लहान केल्या तर प्रत्येकीचा व्यास एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, राहील. असल्या नळ्या थोड्याच वेळांत काजळीनें तुंबतील आणि आग गुदमरून विझेल. म्हणून जाणता कारागीर नळ्यांची संख्या कमी करतो आणि प्रत्येक नळी पाव ते अर्धा इंच व्यासाची घेतो. बॉयलरचा पत्राहि तो हिशेबानें येईल त्याहून पुष्कळ जाड धरतो. वाफ सोडण्याचा दांडाहि जरा मोठा करावा लागतो, कारण इंजिन लहान झालें तरी चालविणाराचीं बोटें लहान होत नाहींत!

या एका गोष्टीकडे नीट लक्ष दिल्यामुळें जगाचा इतिहास पालटला आहे. ग्लासगो विद्यापीठांत न्यूकोमेनच्या वाफेच्या यंत्राची एक लहान प्रतिकृति वर्गांत दाखविण्यासाठीं ठेविलेली होती. तिचा सिलिंडर दोन इंच व्यासाचा, आणि दट्ट्याची धांव सहा इंच. १७६३-६४ च्या हिंवाळ्यांत ती दुरुस्तीसाठीं जेम्स वॅट या तरुण उपकरण-कारागिराकडे आली. त्यानें ती नीट केली. तरीहि चार हेलकावे देऊन ती थांबे, कारण बॉयलरला वाफ पुरवितां येईना. दुसऱ्या एखाद्यानें “खेळणेंच तें, असेंच चालावयाचें” म्हणून ती परत केली असती. वॅट मात्र कारण शोधूं लागला. सिलिंडर सर्व बाजूंनीं अर्धा केला तर त्यांतील वाफ आठवा हिस्सा राहते, पण तिला थंड करणारी भिंत चौथा हिस्सा राहते. म्हणजे तितक्याच वाफेला दुप्पट भिंत लागते. न्यूकोमेनच्या यंत्रांत प्रत्येक खेपेस सिलिंडरमध्येंच थंड पाणी उडवून वाफ निववीत असत. त्यामुळें मोठ्या यंत्रांत जो अपव्यय डोळ्यांआड राहत होता तो लहान प्रतिकृतींत उघडा पडला. १७६५ सालीं वॅटला युक्ति सुचली, कीं वाफ निववावयाची ती निराळ्या भांड्यांत, आणि सिलिंडर सदैव गरमच ठेवावयाचा. १७६९ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें. ती प्रतिकृति ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयांत जपून ठेविलेली आहे.

झांकलेली वाट आधीं उघडी करावी

आतां अवयवांकडे वळूं. इंजिनांतील सर्वांत गुंतागुंतीचा भाग म्हणजे सिलिंडर. वरून पाहणारास तो एक पोकळ ठोकळा दिसतो. परंतु त्याच्या पोटांत वाफेला आंत येण्याच्या व बाहेर जाण्याच्या वाटा असतात, आणि त्या कोपऱ्यांतून वळत गेलेल्या असतात. मोठ्या इंजिनाचा १८ इंची सिलिंडर आपल्या मापानें अवघा सव्वा इंचाच्या आंत, म्हणजे नऊ सूत, येतो. एवढ्याशा ठोकळ्यांत त्या वाटा करावयाच्या कशा?

एक मार्ग ओतकामाचा. लांकडाचा नमुना करावा, त्यावरून वाळूंत साचा पाडावा आणि त्यांत गनमेटल ओतावें. धातु निवतांना आकसतो, म्हणून नमुना फुटामागें एक-दीड सुतानें मोठा ठेवावा लागतो. शिवाय पोकळ्यांसाठीं वाळूचे निराळे गाभे बसवावे लागतात. एकाच मापाचे अनेक सिलिंडर हवे असतील तर हा मार्ग उत्तम. परंतु घरीं इंजिन करणाराला दोनच सिलिंडर हवे असतात, आणि गाभा जरासा सरकला कीं सारें ओतीव फुकट जातें.

दुसरा मार्ग जोडकामाचा, आणि आमच्या मतें शिकणारास तोच अधिक शहाणें करतो. या रीतींत आधीं अवघड वस्तु मनांतल्या मनांत उलगडावयाची. मधली नळी निराळी, दोन टोकांच्या चकत्या निराळ्या, वाफेच्या वाटांचा ठोकळा निराळा. ज्या वाटा आंत लपलेल्या असावयास हव्यात त्या ठोकळ्याच्या उघड्या पृष्ठभागावर नाल्यांप्रमाणें कोराव्या, डोळ्यांनीं पाहून साफ कराव्या, आणि मग त्यांवर पट्टी ठेवून डाखाव्या. पट्टी बसली कीं नाली आपोआप वाट बनते. आंधळेपणानें खोल भोक पाडीत जाण्याऐवजीं उघड्यावर करून मागाहून झांकावें, ही युक्ति एकदां समजली, कीं अशक्य वाटणारे निम्मे भाग शक्य होतात.

येथें सर्वांत महत्त्वाचा असतो तो क्रम. सिलिंडरची पोकळी आधीं गुळगुळीत कातली आणि मग तुकडे डाखले, तर आगीनें धातु किंचित् वांकडा होतो आणि सारी सफाई व्यर्थ जाते. म्हणून प्रत्येक तुकड्यावर थोडें मांस राखून ठेवावयाचें, लहान स्क्रूंनीं सर्व तुकडे जागच्या जागीं पक्के करावयाचे, डाखावयाचे, आणि नंतर अगदीं शेवटीं पोकळी व पृष्ठभाग अखेरच्या मापावर आणावयाचे. स्क्रूंनीं न बांधतां केवळ भरंवशावर डाख देऊं पाहणाराचे तुकडे ऐन वेळीं आगींत सरकतात.

डाख कसा धांवतो

या कामांत साधें कथील चालत नाहीं. चांदीचा डाख लागतो. चांदी, तांबें, जस्त यांच्या मिश्रणाची ही बारीक काडी सुमारें साडेसहाशें अंश सेल्सिअसवर वितळते. तांबें वितळावयास १०८५ अंश लागतात. या दोहोंमधील अंतर हीच कारागिराची सुरक्षित जागा. आपल्या सोनारांना ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. त्यांचा टाकणखार येथेंहि कामास येतो; तो तापलेल्या धातूवर काट चढूं देत नाहीं.

डाख सांध्यांत कसा शिरतो हें समजून घेतल्यावांचून काम साधत नाहीं. समईच्या वातींतून तेल ज्या नियमानें वर चढतें, त्याच नियमानें वितळलेला डाख अरुंद फटींत ओढला जातो. फट साध्या कागदाच्या जाडीइतकी असावी. तिच्याहून रुंद झाली तर डाख ओढला जात नाहीं. तुकडे अगदीं घट्ट ठोकून बसविले तर त्याला शिरावयास वाटच उरत नाहीं. दुसरा नियम असा, कीं डाख उष्णतेच्या दिशेनें धांवतो. म्हणून ज्योत काडीवर न धरतां कामावर धरावी, जाड तुकडा आधीं तापवावा, आणि धातूच्या उष्णतेनेंच काडी वितळूं द्यावी. तिसरी गोष्ट विसरणें धोक्याचें आहे. चोहोंकडून बंद असलेली पोकळी कधींहि तापवूं नये. आंतली हवा फुगून काम फुटतें. तिला एक बारीक भोक ठेवावें, तें मागाहून बुजवितां येतें.

एकाच वस्तूवर अनेक सांधे असले तर पहिल्या सांध्यास अधिक उष्णतेवर वितळणारा डाख वापरतात आणि पुढच्यांस क्रमानें कमी उष्णतेवर वितळणारा, म्हणजे नवा सांधा करतांना जुना सुटत नाहीं. निवलेलें काम सौम्य आम्लांत बुडवून स्वच्छ करावें. पाण्यांत आम्ल घालावें, आम्लांत पाणी कधींहि नाहीं. हें आमच्या शाळकरी वाचकांनीं पाठच करून ठेवावें. आणखी एक सूचना. पूर्वीच्या कित्येक डाखांत कॅडमिअम असे, आणि त्याचा धूर फुप्फुसांस अत्यंत घातक आहे. युरोपीय संघानें २०११ सालीं असल्या डाखांवर बंदी घातली. जुन्या सामानांत एखादी काडी सांपडली तर ती वापरूं नये.

तांबटाची विद्या आणि वाफेचें बळ

बॉयलरचें काम पाहतांना पुण्याच्या तांबट आळीची आठवण व्हावी, इतकें तें आपल्या ओळखीचें आहे. लहान बॉयलर बहुधा तांब्याचा करतात. त्याच्या दोन टोकांच्या पत्र्यांचे कांठ साच्यावर ठेवून हातोडीनें वळवावे लागतात. हातोडी पडत गेली कीं तांबें ताठ होत जातें, आणि तसेंच ठोकीत राहिलें तर तें चिरतें. म्हणून मधून मधून तें लाल होईपर्यंत तापवून पाण्यांत बुडवावें. तें पुन्हां मेणासारखें मऊ होतें. घागरीला मठार देणाऱ्या आपल्या तांबटाला हें सांगावें लागत नाहीं. त्याचा मुलगा हें सर्व पुस्तक न उघडतां शिकतो. आपल्या मुलाला पुस्तक वाचून कळतें, पण हात उचलत नाहीं. या दोघांनीं एकमेकांच्या ओट्यावर बसावें असें आम्हांस मनापासून वाटतें.

मात्र घागर आणि बॉयलर यांत एक मोठा भेद आहे. लहान इंजिनांत वाफेचा दाब दर चौरस इंचास बहुधा ८० पौंडांच्या आसपास असतो. आगपेटीची एक सपाट बाजू चार इंच बाय पांच इंच धरली, तर तिच्यावर एकंदर १६०० पौंड, म्हणजे सुमारें ७२५ किलो, भार पडतो. तळहाताएवढ्या पत्र्यावर हा भार! म्हणून सपाट बाजू समोरच्या बाजूशीं तांब्याच्या अनेक खिळ्यांनीं बांधून टाकतात, आणि कोणता खिळा कोठें व किती जाड, हें अंदाजानें ठरवीत नाहींत.

नव्या बॉयलरची परीक्षा वाफेनें कधींच घेत नाहींत. तो थंड पाण्यानें कांठोकांठ भरून, आंत हवा न राहूं देतां, पंपानें कामाच्या दाबाच्या दुप्पट दाब देतात आणि दाबमापकाचा कांटा न्याहाळीत बसतात. पाणी दाबलें तरी फारसें आकसत नाहीं, म्हणून सांधा फुटलाच तर चार थेंब उडून दाब उतरतो. तेंच वाफेनें झालें असतें तर तापलेल्या पाण्याची क्षणांत वाफ होऊन घरांत अनर्थ घडला असता. इंग्लंडांतील मंडळांत ही परीक्षा दुसऱ्या माणसानें घ्यावयाची असते. बनविणारानें स्वतःस प्रमाणपत्र देऊं नये, हा त्या नियमाचा अर्थ. नीट परीक्षा न झालेलें इंजिन मुलांमध्यें पेटवणें याला आम्ही हौस म्हणणार नाहीं; तो गुन्हा आहे.

आधीं अखंड, मग तोड

क्रँकची युक्ति आम्हांस सर्वांत गोड वाटते. क्रँक म्हणजे एका सरळ आंसाच्या मध्यें दोन उभ्या पट्ट्या व त्यांना जोडणारी एक खुंटी. आंसाचे दोन अर्धे निरनिराळे करून पट्ट्यांस जोडले, तर ते कितीहि जपून बसविले तरी एका रेषेंत येत नाहींत. जाणता कारागीर दोन्ही पट्ट्या एकत्र बांधून त्यांत एकदमच भोकें पाडतो, म्हणजे अंतरांत फरक पडण्यास जागा नाहीं. मग एक अखंड सरळ आंस दोन्ही पट्ट्यांतून आरपार घालतो, खुंटी बसवितो, आणि सर्व सांधे डाखून व खिळ्या मारून पक्के करतो. हें सर्व झाल्यावर तो करवत घेतो आणि दोन पट्ट्यांमधला आंसाचा तुकडा कापून काढतो! जो तुकडा शेवटीं नकोच होता, त्यानेंच इतका वेळ सर्वांना एका रेषेंत धरून ठेविलें होतें.

हेंच तत्त्व चाकांना जोडणाऱ्या दांड्यांत दिसतें. डाव्या व उजव्या बाजूच्या दांड्या एकत्र बांधून भोकें पाडतात. माप दोनदां घेतलें तर दोनदां चुकण्याचा संभव असतो. एकदांच घेतलें तर दोन्ही बाजू निदान एकमेकांशीं जुळतात.

हातांची परंपरा

संगणकाच्या आज्ञेनें चालणारे लेथ, प्रकाशाच्या किरणानें पत्रा कापणारीं यंत्रें आणि थरांवर थर चढवून नमुने घडविणारीं यंत्रें हल्लीं उपलब्ध आहेत, आणि त्यांची मदत घेण्यांत आम्हांस कांहींच कमीपणा वाटत नाहीं. परंतु कोणता तुकडा आधीं, कोठें मांस राखावयाचें, कोणती नळी हिशेबाहून मोठी करावयाची, हें त्या यंत्राला माणसानेंच सांगावें लागतें. चेरी हिल या इंग्रज बाईंचें उदाहरण याविषयीं बोलकें आहे. एकोणिसाव्या शतकांतील शेतीचीं व रस्त्यावरचीं चमत्कारिक वाफेचीं यंत्रें त्यांनीं जुन्या कागदपत्रांवरून अभ्यासून बहुधा सोळाव्या हिश्शाच्या मापांत पुन्हां घडविलीं. या क्षेत्रांतील ड्यूक ऑफ एडिंबरो चषक त्यांनीं नऊ वेळां मिळविला. यंत्रविद्या बायकांच्या हातची नव्हे, असें म्हणणाऱ्या घरांतून हें वाक्य दोनदां वाचावें.

आपल्याकडेहि ही परंपरा नवी नाहीं. मुंबईच्या जहाजबांधणाऱ्या वाडिया घराण्यांतील अर्देशीर कर्सेटजी यांनीं, बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी जाण्यापूर्वीं सुमारें वीस वर्षें, एका अश्वशक्तीचें वाफेचें यंत्र मुंबईंत तयार केलें होतें. १८४१ सालीं ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले, आणि तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. पुण्यांत कोथरूड येथें भाऊ जोशी यांनीं उभारलेलें लहान आगगाड्यांचें संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजीं खुलें झालें. तेथील गाड्या विजेवर चालतात. परंतु त्यांभोंवतीं जमणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत जें कुतूहल दिसतें, त्याला पुढची वाट दाखविण्याचें काम घरच्या वडीलधाऱ्यांचें आहे.

ज्यांना ही वाट धरावयाची असेल त्यांनीं बॉयलरपासून आरंभ करूं नये. प्रथम एक भक्कम मेज, एक शेगडा, दोन चांगल्या कानशी, एक करवत आणि एक पोलादी पट्टी एवढें घ्यावें, आणि पितळेच्या तुकड्याची एक बाजू खरोखरीची सपाट करून पाहावी. हें वाटतें त्याहून कठीण आहे, आणि त्यांत एक महिना गेला तरी तो वायां जात नाहीं. मग डोलत्या सिलिंडरचें लहान इंजिन करावें. त्यांत सिलिंडर स्वतःच डावीकडे-उजवीकडे डोलून वाफेच्या वाटा उघडतो व झांकतो, म्हणून भाग थोडे लागतात. तें चालवावयास आग नको, बॉयलर नको; सायकलच्या पंपाची हवा पुरते. पंप आजोबांनीं मारावा, चाक नातवानें बोटानें सुरू करून द्यावें. तें चार फेरे फिरून थांबलें, तर दोघांनीं मिळून विचारावें, कां थांबलें?